होर्यूजीचा लाकडी मनोरा आणि आपला जीर्णोद्धार

भारतीय संस्कृतीने तलवार न उपसता आशिया खंड जिंकला, हे विधान आपल्या व्याख्यानमालांतून, अभ्यासवर्गांतून आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांतून वारंवार ऐकू येते. ते असत्य आहे, असे कोणताही अभ्यासक म्हणणार नाही. भिक्षू, व्यापारी, कारागीर आणि अनुवादक यांनी हिमालय व सागर ओलांडून जे नेले, त्याच्या खुणा मध्य आशियापासून जपानपर्यंत आजही दिसतात. मात्र या विधानापाशी येऊन थांबण्याची जी सवय समाजाला जडली आहे, ती एकदा तपासून पाहिली पाहिजे. जे येथून गेले ते परक्या भूमीत शतकानुशतके कोणी आणि कसे सांभाळले? आणि जे येथेच राहिले, त्याचे आपण काय केले? जपानमधील नारा प्रांतातले होर्यूजी हे मंदिर पाहून परतणाऱ्या विचारी प्रवाशाला हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी पडल्यावाचून राहत नाहीत.

जपानला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे टोकियो, फुजी पर्वत आणि क्योटो पाहतात. नारा येथे तोदाईजीमधील भव्य बुद्धमूर्तीचे दर्शन घेतात, तेथील हरणांना बिस्किटे घालतात आणि परततात. नाऱ्यापासून रेल्वेने काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या इकारुगा या छोट्या गावी फारच थोडे जण उतरतात. स्थानकापासून वीस मिनिटे चालले, की दुतर्फा उंच पाइन वृक्ष असलेला मार्ग लागतो. त्याच्या टोकाशी दक्षिणद्वार आहे आणि त्याच्या आत जगातील सर्वांत प्राचीन अशा उभ्या लाकडी इमारती आहेत. मध्यद्वाराच्या दोन्ही बाजूंस इ. स. ७११ मधील दोन मृण्मय द्वारपाल उभे आहेत. वारा-पावसाने त्यांची कांती झिजली आहे, पण उग्रता कमी झालेली नाही. आत पाऊल टाकताच डावीकडे पाच मजल्यांचा मनोरा आणि उजवीकडे सुवर्णमंडप दिसतो. भोवती लाकडी खांबांची ओवरी आहे. ना संगमरवर, ना सोन्याचा कळस, ना ध्वनिक्षेपक. लाकूड, माती, कौले आणि मधले मोकळे आकाश, एवढाच हा सारा वैभवविस्तार.

भारताच्या खुणा

राजपुत्र शोतोकू आणि सम्राज्ञी सुइको यांनी इ. स. ६०७ च्या सुमारास हे मंदिर उभारले, असे तेथील मूर्तिलेख सांगतो. शोतोकू हा केवळ भाविक नव्हता. इ. स. ६०४ मध्ये त्याने सतरा कलमांची जी राजनीतिसंहिता घालून दिली, असे जपानी इतिहास सांगतो, तिच्या पहिल्याच कलमात परस्परांतील सलोख्याला अग्रस्थान आहे. श्रीमालादेवी, विमलकीर्ती आणि सद्धर्मपुंडरीक या तीन सूत्रांवरील भाष्येही परंपरेने त्याच्या नावावर आहेत. ही तिन्ही सूत्रे मूळची संस्कृत.

सुवर्णमंडपात शिल्पकार तोरी याने इ. स. ६२३ मध्ये घडविलेली शाक्यमुनींची कांस्य त्रिमूर्ती आहे. भोवती धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण हे चार लोकपाल उभे आहेत. वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. पुढे अकराव्या शतकात त्याच मंडपात वैश्रवण आणि श्रीलक्ष्मी यांच्या काष्ठमूर्ती स्थापन झाल्या. लक्ष्मीला तेथे किचिजोतेन म्हणतात, आणि दर जानेवारीत तिच्यासमोर राष्ट्राच्या सुखसमृद्धीसाठी विधी होतो. कोल्हापूरच्या अंबाबाईसमोर हात जोडणाऱ्या मराठी गृहिणीला या दूरदेशीच्या गाभाऱ्यात परके वाटण्याचे कारण नाही.

होर्यूजीने जतन केलेल्या वस्तूंत ताडपत्रांवरील एक संस्कृत पोथीही होती. प्रज्ञापारमिताहृदयसूत्र आणि उष्णीषविजया धारणी यांचा पाठ असलेली ही पोथी इ. स. ६०९ मध्ये जपानात आली, अशी परंपरा आहे. आधुनिक अभ्यासक तिचा काळ सातवे-आठवे शतक धरतात. मॅक्स म्यूलर यांनी जपानी शिष्य नान्जिओ यांच्यासह ती १८८४ मध्ये प्रकाशित केली. भारताच्या दमट हवेत या काळातील ताडपत्रे बहुधा नष्ट झाली. ही मात्र जपानी मठाने सांभाळली. शिकागोला जाताना १८९३ मध्ये जपानमार्गे प्रवास करणाऱ्या स्वामी विवेकानंदांनीही आपल्या पत्रात, तेथील मंदिरांतून जुन्या बंगाली वळणाच्या अक्षरांत संस्कृत मंत्र लिहिलेले पाहिल्याचे आवर्जून नमूद केले होते.

मनोऱ्याचे रहस्य

होर्यूजीचा मनोरा म्हणजे सांची-भरहुतच्या स्तूपाचा दूरचा वंशज. स्तूपाच्या माथ्यावरील छत्रावली चीन व कोरियामार्गे जपानात पोचेपर्यंत शिखरावरच्या नऊ धातुवलयांत रूपांतरित झाली आणि खालच्या अंडाकृती घुमटाची जागा मजल्यांच्या मनोऱ्याने घेतली. हेतू मात्र तोच राहिला. मध्यस्तंभाच्या तळाशी पायाच्या दगडात धातू म्हणजे पवित्र अवशेष ठेवलेले आहेत. भाविक मनोऱ्यावर चढत नाहीत. ते त्याच्या दर्शनाला येतात. तळमजल्यावर चार दिशांना इ. स. ७११ मधील मृत्तिकाशिल्पे आहेत. उत्तरेस तथागताचे महापरिनिर्वाण आहे, आणि तेथे छाती पिटून आक्रोश करणारे शिष्य पाहताना कुशीनगरची ती रात्र डोळ्यांपुढे उभी राहते.

सुमारे बत्तीस मीटर उंचीचा हा मनोरा भूकंपाच्या देशात तेराशेहून अधिक वर्षे उभा आहे. त्याचे पाच मजले एकावर एक ठेवलेल्या स्वतंत्र पेट्यांसारखे आहेत. तुळया व खांब खाचा आणि कुसवांनी जोडलेले असल्याने धक्का बसला की सांधे किंचित सरकतात, घासतात आणि ती शक्ती जिरवितात. मधोमध हिनोकी जातीच्या वृक्षाचा स्तंभ आहे, पण मजल्यांचा भार त्याच्यावर नाही. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा अरुंद असून पाचवा पहिल्याच्या जवळपास निम्मा आहे. २०१२ मध्ये टोकियोत ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा उभा राहिला, तेव्हा त्याच्या मध्यभागी असलेल्या काँक्रीटच्या गाभ्याच्या कंपनरोधक योजनेला जपानी अभियंत्यांनी याच मध्यस्तंभाचे प्राचीन नाव दिले.

वर्षवलयांच्या अभ्यासातून या मध्यस्तंभाचा वृक्ष इ. स. ५९४ मध्ये तोडला गेल्याचे २००१ साली जाहीर झाले. इ. स. ६७० मध्ये मूळ मंदिर आगीत भस्मसात झाल्याची नोंद जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. आजच्या इमारती त्यानंतरच्या, आठव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत पूर्ण झालेल्या आहेत. मग त्यांत इतके जुने लाकूड कोठून आले, हा वाद अभ्यासकांत अजून चालू आहे. मंदिराने तो झाकून ठेवलेला नाही. आपले श्रद्धास्थान एकदा जळाले होते, हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

स्वतःच्याच वारशावर हात

जपानचा हा इतिहास निष्कलंक आहे, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. १८६८ मध्ये मेइजी राजवटीने शिंतो आणि बौद्ध उपासना अलग करण्याची फर्माने काढली. शतकानुशतके एकाच आवारात नांदलेली दैवते विभक्त झाली. राष्ट्रोत्थानाच्या उन्मादात अनेक ठिकाणी बौद्ध मंदिरे फोडली गेली, मूर्ती जाळल्या गेल्या, ग्रंथ रद्दीत गेले. नाऱ्याच्याच कोफुकुजी मंदिराचा पाच मजली मनोरा कवडीमोलाने विकायला निघाला होता, असे सांगतात. होर्यूजीवरही अशी विपन्नावस्था आली, की १८७८ मध्ये तीनशेहून अधिक अमूल्य वस्तू राजघराण्याला अर्पण करून मिळालेल्या दहा हजार येनमधून इमारतींची दुरुस्ती करावी लागली.

हे करणारे परकीय आक्रमक नव्हते. ते जपानीच होते आणि आपण राष्ट्रकार्य करीत आहोत, अशी त्यांची श्रद्धा होती. राष्ट्रभक्तीला इतिहासाच्या जाणिवेची जोड नसेल, तर ती आपल्याच घराच्या तुळया तोडू शकते, हा धडा कोणत्याही देशातील राष्ट्रवादी कार्यकर्त्याने विसरू नये असा आहे.

जपान मात्र सावरला. ओकाकुरा तेन्शिन आणि त्यांचे अमेरिकन गुरू फेनोलोसा यांनी जुन्या मंदिरांची पाहणी केली. १८८४ मध्ये होर्यूजीच्या स्वप्नमंडपातील, वस्त्रात गुंडाळून शतकानुशतके दृष्टिआड ठेवलेली अवलोकितेश्वराची मूर्ती त्यांनी उघडविली. १८९७ मध्ये प्राचीन मंदिरांच्या रक्षणाचा कायदा झाला. हेच ओकाकुरा पुढे भारतात आले, स्वामी विवेकानंदांना भेटले आणि अजिंठाही पाहून गेले. आशियाच्या सांस्कृतिक ऐक्याची मांडणी करणाऱ्या त्यांच्या १९०३ मधील इंग्रजी ग्रंथाला भगिनी निवेदितांची प्रस्तावना लाभली.

२६ जानेवारीची आग

होर्यूजीच्या सुवर्णमंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेली बुद्धलोकांची चित्रे होती. त्यांतील बोधिसत्त्वांची ललित देहयष्टी आणि अर्धोन्मीलित नेत्र पाहून अभ्यासकांना अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे स्मरण होत असे. ही शैली मध्य आशिया आणि तांगकालीन चीन यांचे संस्कार घेत जपानला पोचली होती, पण गोत्र भारतीय होते. २६ जानेवारी १९४९ रोजी, या चित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याचे काम चालू असतानाच मंडपाला आग लागली आणि ती चित्रे करपून गेली. दुरुस्तीसाठी वरचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असल्याने तो बचावला.

जपानने या आपत्तीनंतर काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९५० मध्ये सांस्कृतिक संपदेच्या रक्षणाचा सर्वंकष कायदा झाला. १९५४ पर्यंत मंडप पुन्हा उभा राहिला. आगीपूर्वी, १९३५ मध्ये घेतलेल्या काचपट्ट्यांवरील छायाचित्रांच्या आधारे पुढे नामवंत चित्रकारांनी प्रतिकृती रंगविल्या. जळालेले खांब आणि भिंती फेकून न देता मंदिराने वेगळ्या वास्तूत जतन केल्या. आणि १९५५ पासून २६ जानेवारी हा देशभर सांस्कृतिक वारशाच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. या दिवशी होर्यूजीसह ठिकठिकाणच्या मंदिरांत आग विझविण्याचा सराव होतो.

अजिंठ्याच्या नशिबीही आगी आल्या. रॉबर्ट गिल याने अनेक वर्षे खपून केलेल्या अजिंठा-चित्रांच्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून ग्रिफिथ्स यांनी करून घेतलेल्या प्रतिकृतींपैकी कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी केलेल्या प्रतिकृती १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या. मूळ चित्रे मात्र उरली, आणि ती जपण्याची जबाबदारीही उरली. १९९० च्या दशकापासून अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धनासाठी जपानचे कर्जसाहाय्य मिळाले, ही कृतज्ञतेने नोंदविण्याची गोष्ट आहे. ती थोडी अंतर्मुख करणारीही आहे.

सुताराचे शास्त्र

होर्यूजी टिकले ते केवळ कायद्याने नव्हे. तेथील सुतारांच्या परंपरेचा वाटा त्याहून मोठा आहे. १९३४ मध्ये सुरू झालेली महादुरुस्ती १९८५ पर्यंत, म्हणजे अर्धशतक चालली. प्रत्येक इमारत काळजीपूर्वक उतरविली गेली, प्रत्येक तुळई तपासली गेली, कुजलेला तेवढाच भाग कापून तेथे त्याच जातीचे लाकूड सांधले गेले आणि इमारत पुन्हा जशीच्या तशी उभारली गेली. या कार्यात निशिओका त्सुनेकाझू (१९०८-१९९५) हे पिढीजात मंदिर-सुतार अग्रभागी होते. त्यांच्या आजोबांनी नातवाला आधी शेतकी शाळेत घातले, कारण माती कळल्याशिवाय झाड कळत नाही आणि झाड कळल्याशिवाय लाकूड कळत नाही, ही त्यांची धारणा होती. डोंगराच्या ज्या बाजूला झाड वाढले, इमारतीच्या त्याच बाजूला ते वापरावे, हा त्या परंपरेचा दंडक. मंदिरात लोखंड आणि काँक्रीट वापरण्याचा आग्रह धरणाऱ्या विद्वानांशी निशिओकांनी उघड वाद घातला. हजार वर्षे टिकणाऱ्या लाकडाला शंभर वर्षांच्या साहित्याचा टेकू कशाला, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. अशिक्षित म्हणून त्यांना कोणी बाजूला सारले नाही. उलट विद्वान त्यांच्याकडे शिकायला गेले.

१९९३ मध्ये होर्यूजी परिसर जपानच्या पहिल्या जागतिक वारसास्थळांत नोंदला गेला. त्यानंतरही मंदिर सरकारी अनुदानाच्या आशेवर स्वस्थ बसले नाही. महासाथीच्या काळात प्रवासी आटले, तेव्हा २०२२ मध्ये मंदिराने आवाराच्या देखभालीसाठी समाजाला हाक दिली. दोन कोटी येनचे उद्दिष्ट असताना सात हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे पंधरा कोटी येन दिले. हा निधी नव्या शिखरासाठी किंवा भव्य प्रवेशद्वारासाठी नव्हता. झाडांची छाटणी, पडक्या भिंतींची डागडुजी, अशा रोजच्या कामांसाठी तो होता.

आपल्याकडचे चित्र

आता दृष्टी स्वदेशाकडे वळवावी. महाराष्ट्रातील गावोगावच्या यादवकालीन मंदिरांच्या काळ्या पाषाणावर तैलरंगाचे थर चढलेले कोणी पाहिले नाहीत? शिल्पे बुजवून बसविलेल्या चकचकीत फरशा, कोरीव लाकडी सभामंडप पाडून उभी केलेली सिमेंटची स्लॅब, वीरगळांवर फासलेला शेंदूर आणि देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या हे दृश्य अपवादात्मक राहिलेले नाही. आक्रमकांच्या घणातून जे वाचले, ते आपल्याच भक्तांच्या उत्साहातून वाचेल की नाही, अशी शंका यावी. यामागे दुष्ट हेतू नसतो. असते ती निर्मळ श्रद्धा, आणि काय मौल्यवान आहे याविषयीचे अज्ञान. गावातील तरुण मंडळ घाम गाळून वर्गणी गोळा करते, आणि त्या वर्गणीतूनच सातशे वर्षांचा वारसा नाहीसा होतो.

या सगळ्याला 'जीर्णोद्धार' म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचे विधान आहे. मयमतासारख्या शिल्पग्रंथातही त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. जुने द्रव्य, जुने मान आणि मूळचे लक्षण राखून नवे करावे, हा त्यामागचा भाव आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करायचा असतो, उच्छेद नव्हे. होर्यूजीच्या सुतारांनी जे केले, ते आपल्या शास्त्राला अधिक जवळचे आहे, हे कबूल करावे लागते.

दुसराही एक मुद्दा आहे. बुद्धाचा वारसा जगभर मिरविताना महाराष्ट्रातील बौद्ध समाजाचे स्मरण किती जणांना होते? १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर येथील लक्षावधी कुटुंबांसाठी लेणी व स्तूप ही जिवंत श्रद्धास्थाने झाली. नागपूरजवळ कामठी येथे १९९९ मध्ये जपानी सहकार्याने ड्रॅगन पॅलेस मंदिर उभे राहिले, ते याच नात्यातून. जपानातील बुद्धासमोर नतमस्तक होणाऱ्याने आपल्या तालुक्यातील लेण्याच्या स्वच्छतेसाठी शेजारच्या बौद्ध बांधवासोबत हाती झाडू घेतला, तरच त्याच्या समरसतेच्या बोलण्याला अर्थ आहे.

कार्ल्याची कमान

होर्यूजीचे लाकूड जगातील सर्वांत प्राचीन उभ्या इमारतीचे आहे, हे खरे. पण त्याहूनही कितीतरी जुने लाकूडकाम महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान केली, की छताच्या कमानीला बसविलेल्या सागवानी फासळ्या दिसतात. स्तूपावरचे छत्रही लाकडाचे आहे. सुमारे दोन हजार वर्षांचे हे काम आहे. एकवीरा आईच्या दर्शनाला जाणारे हजारो भाविक त्याच्या दारावरून जातात. त्यांतील किती जणांना हे ठाऊक असते? या चैत्याचे द्वार धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने केल्याचे तेथील ब्राह्मी लेखात कोरलेले आहे. राजे आणि श्रेष्ठी यांच्याबरोबर एका सुताराचे नाव ज्या समाजाने पाषाणात कोरले, त्याला कारागिराची प्रतिष्ठा जपानकडून शिकावी लागावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

यावर उपाय अवघड नाहीत. गावातील जुन्या मंदिराला हात लावण्यापूर्वी त्याची छायाचित्रे आणि मोजमापे घ्यावीत आणि पुरातत्त्व खात्याच्या किंवा जाणकार स्थापत्यतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय एकही दगड हलवू नये. जमा वर्गणीचा ठरावीक भाग दरवर्षीच्या देखभालीसाठी राखून ठेवावा. लाकडी सभामंडपातील जुनाट वीजतारा उत्सवाच्या रोषणाईपूर्वी तपासून घ्याव्यात. पाथरवट आणि सुतार यांची मुले हा व्यवसाय सोडून जाणार नाहीत, असा मोबदला व मान त्यांना मिळावा. आणि २६ जानेवारीला ध्वजवंदन झाल्यावर शाखेच्या, मंडळाच्या, शाळेच्या तरुणांनी आपल्या परिसरातील एका प्राचीन वास्तूची पाहणी करून तिच्या अवस्थेची नोंद करावी. ज्या दिवशी जपान आपल्या मंदिरांवर पाण्याचे फवारे मारून सराव करतो, त्याच दिवशी आपल्याकडे हे काम सुरू करण्यास कोणाचीही हरकत नसावी.

भारतातून काय गेले, याची यादी पुष्कळ झाली. होर्यूजीचा मनोरा पाहून परतलेल्या कुटुंबाने पुढच्या सुटीत मुलांना कार्ल्याला न्यावे, वरच्या फासळ्या दाखवाव्यात, सामीचा लेख दाखवावा आणि मग आपल्या गावच्या देवळाच्या विश्वस्तांना भेटून विचारावे, की यंदा छपराची कौले तपासली का.